जिप्सी आणि जिमनी एकच का? आधी कोड वाचा, मग नाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचे काका म्हणतात, जिप्सी आणि जिमनी ही एकच गाडी. शोरूममधला मुलगा म्हणतो, जिमनी हे जिप्सीचं नवं मॉडेल. आणि जपानमध्ये राहणाऱ्या मित्राने नव्वदच्या दशकातल्या एका गाडीचा फोटो पाठवलाय, ती दिसते अगदी जिप्सीसारखी, पण तिच्यावर नाव जिमनी आणि इंजिन ६६० सीसीचं. तर खरं कुणाचं, आणि ओळखीतून मिळणारी १९९७ ची जिप्सी किंग घ्यावी का?

तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणून तर गोंधळ झालाय. सुझुकीने ही एक गाडी पन्नासहून जास्त वर्षांत इतक्या नावांनी विकली की नावावरून काही कळतच नाही. पाकिस्तानात ती पोटोहार, इंडोनेशियात कटाना, ऑस्ट्रेलियात सिएरा, अमेरिकेत सामुराई, आपल्याकडे जिप्सी. त्यामुळे मी माणसांना सांगतो, नाव सोडा, कंपनीने त्या मॉडेलला दिलेला कोड विचारा.

माझं गॅरेज चंद्रपूरला आहे. ताडोब्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सी गेली पंचवीस-एक वर्षं माझ्या हाताखालून जातात. हा इतिहास मी हौसेने शिकलो नाही, पार्टपायी शिकलो. एका गिऱ्हाइकाने परदेशातून ‘जिमनी’चे शॉकअप मागवले. खोका उघडला तर ते कॉइल स्प्रिंगच्या गाडीचे. जिप्सीला खाली पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. मापं जुळेनात, बसवायची जागाही वेगळी. पैसे गेले ते गेलेच. त्या दिवसापासून मी एका वहीत कोड लिहून ठेवायला लागलो. पुढचं सगळं त्या वहीतलंच समजा.

सुरुवात सुझुकीकडून झालीच नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. होप नावाची एक छोटी जपानी कंपनी होती. तिने साठच्या दशकाच्या शेवटी होपस्टार ओएन३६० नावाची बुटकी फोर बाय फोर काढली. इंजिन मित्सुबिशीचं, ३५९ सीसी. गाड्या बनल्या अगदी थोड्या आणि कंपनीला ते पेललं नाही. १९६८ मध्ये तिने हक्क सुझुकीला विकले. हे हक्क घ्यावेत म्हणून आग्रह धरणारा माणूस म्हणजे ओसामु सुझुकी. तेव्हा ते कंपनीचे अध्यक्ष नव्हते, संचालकांपैकी एक होते, आणि कंपनीतल्याच लोकांचा या खरेदीला विरोध होता. पुढे हेच गृहस्थ भारतात मारुतीचा करार करायला आले. २००७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले आणि २०२५ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. म्हणजे जिमनी जपानच्या बाजारात आणणारा आणि तिची बहीण आपल्या दारात आणणारा माणूस एकच.

सुझुकीने त्या गाडीत आपलं इंजिन बसवलं, बांधणी बरीचशी नव्याने केली आणि एप्रिल १९७० मध्ये एलजे१० बाजारात आणली. ३५९ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं इंजिन, ताकद २५ अश्वशक्ती. ऐकून हसू येईल. आपल्याकडची राजदूत आठवा, तिचाच थोडा मोठा भाऊ चार चाकांवर. पण खाली शिडीसारखी चासी, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल (दोन चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा), आणि ‘हाय-लो’वाला ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी आणि गरज पडली तर हळू पण जास्त जोराने ओढायला लावणारी गिअरची पेटी. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. गेल्या पंचावन्न वर्षांत गाडीतलं बाकी सगळं बदललं, या तीन बदलल्या नाहीत.

आता इतकी छोटी का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण उत्तराची किल्ली तिथेच आहे. जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा एक सरकारी वर्ग आहे. त्या मापात बसलात तर कर कमी, विमा स्वस्त. १९७० मध्ये ते माप होतं ३६० सीसी, लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर. एलजे१० ची लांबी २,९९५ मिलिमीटर होती. नियमाला फक्त पाच मिलिमीटर कमी! स्टेपनी मागच्या दारावर टांगली असती तर गाडी मापाबाहेर गेली असती, म्हणून ती आत घेतली, मागच्या सीटच्या जागेत. त्यामुळे गाडीत माणसं बसायची तीनच. शिंप्याने कापड कमी पडलं म्हणून खिसा आतून लावावा, तसला प्रकार. मला वाटतं, या गाडीचा सगळा स्वभाव तिथेच ठरला. मोठी जीप चेपून लहान केलेली ही गाडी नाही. लहान मापात जंगल-डोंगरावर जायचं तर काय काय ठेवायलाच हवं, याचा हिशोब करून ती बनलीय.

म्हणून तिच्या पिढ्या समजून घ्यायच्या तर नियमाच्या तारखा बघायच्या. हवेवरचं इंजिन हळू चढणीवर तापायचं, तिथे वारा कुठून येणार? १९७२ च्या एलजे२० मध्ये पाण्याचं कूलिंग आलं. १९७६ मध्ये केईची मर्यादा ५५० सीसी झाली आणि लगेच ५३९ सीसीची, तीन सिलिंडरची जिमनी ५५ आली. पुढच्याच वर्षी ज्यांना केईचं सोयरसुतक नाही अशा गिऱ्हाइकांसाठी आणि निर्यातीसाठी ७९७ सीसीचं चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं. हा फाटा महत्त्वाचा. तिथून जिमनीच्या दोन ओळी झाल्या, घरच्या कायद्यात बसणारी एक आणि बाहेर विकायची, थोडी मोठ्या इंजिनाची दुसरी. आजही दोन्ही चालू आहेत.

१९८१ मध्ये दुसरी पिढी आली. तुम्ही डोळे मिटून ‘जिप्सी’ म्हणाल तर जी चौकोनी आकृती दिसते, ती हीच. घरच्यासाठी एसजे३०, तिच्यात अजून टू-स्ट्रोकच. जपानमधल्या बाकीच्या चारचाकी टू-स्ट्रोक सोडत गेल्या, पण ही चिकटून बसली, कारण खालच्या आरपीएमला ते इंजिन बरं ओढतं आणि वजनाला हलकं. बाहेरच्या देशांसाठी एसजे४१०, ९७० सीसी, चार सिलिंडर. १९८४ मध्ये १.३ लिटरची एसजे४१३ आली.

या एसजे४१० च्या दोन चौकटी होत्या, आखूड आणि लांब. आखूड चौकटीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २,०३० मिलिमीटर, लांब चौकटीचा २,३७५. डिसेंबर १९८५ मध्ये आपल्याकडे मारुतीने लांब चौकट घेतली, कोड दिला एमजी४१० आणि नाव ठेवलं जिप्सी. म्हणजे तुमच्या काकांचं म्हणणं इथपर्यंत सोळा आणे खरं. जिप्सी ही दुसऱ्या पिढीची लांब जिमनीच. फक्त भारतीयांनी ती जिमनी म्हणून कधी ओळखली नाही.

मित्राच्या फोटोतली गाडी बहुधा जेए११ असणार. १९९० मध्ये केईची मर्यादा ६६० सीसी झाली, तेव्हा त्याच चौकोनी अंगात ६५७ सीसीचं टर्बो इंजिन घातलं, तीच ही. फोटोत नंबरप्लेट पिवळी आहे का बघा. आपल्याकडे पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी, तिथे पिवळी म्हणजे बहुतेक केई. अंग तुमच्या जिप्सीसारखं, पण आखूड आणि अरुंद. दरवाजाची काच किंवा बिजागरी कदाचित चालून जाईल, इंजिनाचा एक नटही चालणार नाही.

एक आडवळण घेतो, कारण गिऱ्हाइकं हे हमखास विचारतात, ‘ही गाडी उलटते ना?’ त्या बोलण्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे सामुराई १९८५ च्या शेवटी गेली, आणि १९८८ मध्ये ग्राहकांच्या एका नावाजलेल्या मासिकाने चाचणी घेऊन ती ‘अस्वीकारार्ह’ ठरवली, वळणावर कलंडते म्हणून. सुझुकीने १९९६ मध्ये दावा लावला, चाचणीच तशी घेतली असा आरोप केला, आणि २००४ मध्ये तडजोड झाली. पण तोवर तिथला बाजार हातचा गेला होता. माझं मत विचाराल तर, उंच आणि अरुंद गाडी रिकाम्या हायवेवर कारसारखी वळवली तर कुठलीही कलंडेल. पण डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर कमी होतं हेही खोटं नाही. आपल्याकडे १९९३ मध्ये ‘वाइड ट्रॅक’ जिप्सी आली, कोड एमजी४१०डब्ल्यू, तिच्यात हे अंतर ९० मिलिमीटरने वाढवलं होतं. जुनी अरुंद आणि नंतरची रुंद या दोन्ही मी पावसाळ्यात चालवल्यात. चिखलातल्या जुन्या चाकोरीत अरुंद गाडी कधीकधी बरी पडते, डांबरी रस्त्यावर मात्र रुंद गाडी मनाला शांतता देते.

मग १९९५ मध्ये मोठा बदल झाला. जपानच्या जिमनीखालचे पाटे गेले आणि कॉइल स्प्रिंग आल्या. एक्सल मात्र अखंडच ठेवला, त्याला तीन दांड्यांनी धरलं. ही गोष्ट माझ्या त्या फसलेल्या शॉकअपच्या मुळाशी आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये तिसरी पिढी आली, जेबी२३. केईचं माप पुन्हा वाढलं होतं, लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८, म्हणून ही गाडी जरा ऐसपैस आणि कोपरे घासून गोल केल्यासारखी. जुन्या मंडळींना ती ‘साबणाची वडी’ वाटली, मलाही फोटोत तशीच वाटली होती. पण ती २०१८ पर्यंत, तब्बल वीस वर्षं चालली. तिकडचे शौकीन तिच्यातले लहानमोठे बदल मोजून ‘पहिला प्रकार’ ते ‘दहावा प्रकार’ असे दहा भाग पाडतात. एकाच गाडीवर इतकं प्रेम करणारे लोक पाहिले की मला आपल्याकडचे यझदीवाले आठवतात.

आणि आपल्याकडे? आपण १९८१ च्याच अंगाला धरून राहिलो. पाटेही तेच. फक्त इंजिन बदलत गेलं. १९९६ ला जिप्सी किंग आली, एमजी४१३डब्ल्यू, १,२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर, ६० अश्वशक्ती. २००० मध्ये त्याच मापाचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन आलं, ८० अश्वशक्तीचं. या शेवटच्या इंजिनाचा कोड जी१३बीबी, आणि गंमत म्हणजे तिसऱ्या पिढीच्या १.३ लिटर जिमनीत सुरुवातीला हेच इंजिन होतं. आपल्याकडच्या एस्टीममध्येही हेच. म्हणजे २००० नंतरची जिप्सी ही मधलीच जात आहे, अंग दुसऱ्या पिढीचं आणि हृदय तिसऱ्या पिढीचं. त्यामुळे माझ्याकडे जिप्सीचं इंजिन उघडलं की बऱ्याचशा पार्टसाठी मी आधी एस्टीमची चौकशी करतो.

तशीच ती २०१९ पर्यंत बाजारात मिळत राहिली. जुनाट म्हणून नाक मुरडणारे खूप होते, पण सैन्याने, पोलिसांनी, रॅलीवाल्यांनी आणि आमच्या जंगलवाल्यांनी तिला सोडलं नाही. कारण साधं आहे, वजन हजार किलोच्या आसपास. चंद्रपूरकडची काळी माती पावसात भिजली की मोठमोठ्या गाड्या पोटापर्यंत रुततात. जिप्सी रुतली तर चार माणसं उतरून हुश्श करून ढकलतात आणि ती निघते. ताकदीने कमी पडणारी गाडी हलकेपणाने निघून जाते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. याच पिढीच्या एका सुधारलेल्या सामुराईने एप्रिल २००७ मध्ये चिलीतल्या ओहोस देल सालादो ज्वालामुखीवर ६,६८८ मीटरपर्यंत चढून उंचीचा विक्रम केला होता. त्या उंचीवर इंजिनालाच श्वास लागतो, तिथेही हलकेपणाच कामाला आला असणार.

जुलै २०१८ मध्ये चौथी पिढी आली. केईसाठी जेबी६४, बाहेरच्यांसाठी १.५ लिटरची जेबी७४. गोल कोपरे गेले, चौकोन परत आला. गोल दिवे, बाजूला सुटे इंडिकेटर, छताच्या कडेला पाणी वाहून नेणारी पन्हळ, सगळं जुन्यासारखं. लोकांना वाटलं, आठवणींचा धंदा आहे. पण चपटं बॉनेट आणि उभ्या बाजू असल्या की गाडीचे चारही कोपरे ड्रायव्हरला सीटवरून दिसतात. जंगलाच्या अरुंद वाटेवर याची किंमत आम्हाला विचारा. पिवळा रंगही शोभेसाठी नाही, पावसात-बर्फात लांबून दिसावा म्हणून दिला, आणि हिरवा जंगलात मिसळून जावा म्हणून. ब्रेकवर चालणारी एक युक्तीही आली, हवेत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद जमिनीवरच्या चाकाला देणारी. पाट्यांच्या जिप्सीत ही सोय नव्हती, तिथे सोय म्हणजे ड्रायव्हरचा अनुभव.

युरोपात मात्र धुराचे नियम आड आले, आणि तिथे काही काळाने ती मागची सीट काढून दोन माणसांची मालवाहू गाडी म्हणून विकावी लागली. जी गाडी कायद्याच्या मापातून जन्मली, तिला कायद्यानेच पुन्हा कापलं.

आता शोरूममधल्या मुलाचं म्हणणं बघू. आपल्याकडे जून २०२३ मध्ये आली ती पाच दारांची जिमनी, सुरुवातीची किंमत १२.७४ लाख. व्हीलबेस २,५९० मिलिमीटर, तीन दारांच्या गाडीपेक्षा ३४० ने जास्त. ती जिप्सीचं ‘नवं मॉडेल’ नाही. जिप्सी दुसऱ्या पिढीची, ही चौथीची, मधली पिढी आपण पाहिलीच नाही. तिसरीचं फक्त इंजिन आपल्याकडे येऊन गेलं. पण कल्पना तीच, लांब केलेली जिमनी. त्यामुळे ‘पाच दारांची जिमनी खरी जिमनीच नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मग जिप्सी कोण होती? लांबीचा तोटा आहे, नाकारत नाही. चढाच्या माथ्यावर पोट टेकायचा कोन तीन दारांच्या गाडीला २८ अंश, पाच दारांच्या गाडीला २४. वळायलाही जरा जास्त जागा लागते. पण मागे माणसं बसतात आणि सामानही राहतं.

आपल्याकडे ती काही धूमधडाक्यात खपली नाही. एवढ्या पैशात मोठी गाडी मिळते, हा आपला हिशोब. पण हीच गुरुग्रामला बनलेली गाडी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये ‘जिमनी नोमाड’ नावाने जाहीर झाली, आणि चार-पाच दिवसांत ५०,००० मागण्या आल्या. महिन्याला १,२०० विकायचा बेत होता. बुकिंग बंद करावं लागलं. चाळीस वर्षांपूर्वी आपण त्यांची लांब चौकट घेतली होती, आता ते आपल्याकडून नेतायत. ती त्यांच्या केईत बसत नाही, तरीही नेतायत.

तर काकांना सांगा, वंश एक, पिढ्या वेगळ्या. शोरूमवाल्याला सांगा, मध्ये एक पिढी विसरलास. मित्राला सांगा, फोटो जिप्सीच्या आखूड बहिणीचा आहे.

राहिली ती १९९७ ची किंग. घ्यावी की नाही, हे तुम्ही कुठे राहता, रोज चालवणार की महिन्यातून दोनदा, आणि जवळ कार्ब्युरेटर समजणारा हात आहे का, यावर आहे. रोज ऑफिसला जायचं असेल तर घेऊ नका. पाट्यांवरचा धक्का तिशीत मजेचा वाटतो, पन्नाशीत पाठ हिशोब मागते. डोंगर-जंगलाची हौस असेल, स्वतः हात काळे करायची तयारी असेल, तर याहून साधी, कळणारी गाडी शोधून मिळणार नाही. कागद आधी बघा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर लागतो, आणि मुदत संपून गेली असेल तर दंडासह. लिलावातून आलेल्या सरकारी गाडीत कागदांचा गुंता जास्त असतो. चकाकी बघून फसू नका, त्यांची आतली चासी मी पाहिलीय.

बघायला जाताना खिशात एक मोठा स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. गाडीखाली झोपा आणि मागच्या पाट्यांचे कान जिथे चासीला लागतात तिथे त्याच्या मुठीने ठोका. टणटण वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर आतून गंज आहे. पुढच्या पायदानाचा पत्रा गालिचा उचलून बघा, मालक ‘नको’ म्हणाला तर तिथेच निघा. मग मोकळ्या मातीत नेऊन फोर-लो घाला आणि सरळ हळू चालवा. कुरकुर चालेल, गिअर उडून न्यूट्रलला आला तर ट्रान्सफर केस उघडावा लागणार, तेवढे पैसे सौद्यातून कापा. डांबरावर हे करू नका, पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन शाफ्टवर ताण येतो.

आणि आरसी बुकवर मॉडेल काय लिहिलंय ते बघून मला इथे कळवा. एमजी४१३डब्ल्यू असेल तर गाडी किंग आहे. नुसतं ४१० असेल आणि बॉनेटखाली १.३ चं इंजिन असेल, तर ते कुणीतरी नंतर बसवलंय. मग इंजिन नंबर आरसीवर चढवलाय का, ते बघितल्याशिवाय विसारही देऊ नका.